उष्णता कोणाच्या पदरात? रत्नागिरीतून दिसणारा इंटरकूलरचा इतिहास

#धागा

(१)
टर्बो किंवा सुपरचार्जर असलेल्या गाड्यांविषयी चर्चा निघाली की इंटरकूलरच्या बाबतीत एक शिडी गृहीत धरली जाते. खालच्या पायरीवर हवेने थंड होणारा, स्वस्त आणि ‘जुना’ इंटरकूलर. वरच्या पायरीवर पाण्याने थंड होणारा, महाग आणि ‘आधुनिक’. शिडीच्या टोकाला एकच तत्त्व : जितका मोठा आणि जितका थंड, तितका उत्तम. तंत्रज्ञानाच्या इतिहासाचा पुरावा मात्र या शिडीच्या बाजूने साक्ष देत नाही. प्रत्येक काळात, प्रत्येक यंत्रासाठी निवड ठरली ती एकाच प्रश्नावर : हवेतून काढलेली उष्णता टाकायची कुठे?

(२)
हा प्रश्न समजून घेण्यासाठी जर्मनीच्या किंवा जपानच्या कारखान्यांपर्यंत जाण्याची गरज नाही. रत्नागिरी पुरेशी आहे. हातखंब्याहून आंबा घाटाकडे चढणारा ट्रक, कोकण रेल्वेवरून धावलेले डिझेल इंजिन आणि मिरकरवाडा बंदरात नांगरलेली टर्बो इंजिनाची मासेमारी नौका. तिघांच्याही पोटात मूलतः एकाच जातीचे यंत्र आहे. तरीही ट्रक आपली उष्णता वाऱ्याला देतो, रेल्वेचे इंजिन आपल्याबरोबर वाहून नेलेल्या पाण्याला देते आणि नौका समुद्राला. एकाच गावाच्या परिसरात तीन उत्तरे, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर.

(३)
आधी थोडे गणित. हवा दाबली की तापते. सायकलचा पंप हाताला चटका देतो तो यामुळेच. रत्नागिरीतील एप्रिलच्या दुपारची ३५ अंश सेल्सिअसची हवा टर्बोने दुप्पट दाबापर्यंत नेली आणि टर्बोच्या कंप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा सुमारे १३० अंशांची असते. तापलेली हवा विरळ असते. म्हणजे टर्बोने एका हाताने जे दिले, त्यातले बरेचसे उष्णता दुसऱ्या हाताने काढून घेते. हीच हवा त्याच दाबाला ६० अंशांवर आणली, तर तिची घनता सुमारे २१ टक्क्यांनी वाढते.

(४)
लाभ केवळ ताकदीचा नाही. पेट्रोल इंजिनात तापलेल्या हवेमुळे इंधन अवेळी पेटते आणि इंजिन ‘नॉकिंग’ करू लागते; त्याचा मार पिस्टनवर बसतो. डिझेल इंजिनात ज्वलनाचे तापमान वाढले की नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात. भारतातील व्यापारी वाहनांत इंटरकूलर घरोघरी पोहोचला तो मुख्यतः या दुसऱ्या कारणाने. २००० साली ‘इंडिया २०००’, २०१० मध्ये देशभर भारत स्टेज-३, २०१७ मध्ये स्टेज-४ आणि २०२० मध्ये स्टेज-६ : प्रत्येक टप्प्याने इंजिनात जाणारी हवा अधिक थंड करण्यास भाग पाडले. यंत्राच्या इतिहासात कायद्याचाही वाटा असतो, तो असा.

(५)
दोन मुख्य प्रकारांतील फरक कोणत्याही स्वयंपाकघरात पाहता येतो. चहा बशीत ओतून त्यावर फुंकर घालणे हा हवेचा मार्ग. दुधाचे तापलेले पातेले पाण्याच्या परातीत ठेवणे हा पाण्याचा मार्ग. परातीत दूध झपाट्याने निवते, यात शंका नाही. पण त्याच परातीत पाठोपाठ तिसरे, चौथे पातेले ठेवले की पाणीच कोमट होते. मग परातीचा उपयोग उरत नाही. पाणी बदलावे लागते किंवा ते निवेपर्यंत थांबावे लागते. इंटरकूलरविषयीच्या बहुतेक वादांचे उत्तर या चौथ्या पातेल्यात आहे.

(६)
एक लिटर पाणी एका अंशाने तापताना जेवढी उष्णता पोटात घेते, तेवढी घ्यायला साध्या दाबाची सुमारे साडेतीन हजार लिटर हवा लागते. म्हणून पाण्याचा इंटरकूलर आकाराने लहान असू शकतो आणि इंजिनाला अगदी चिकटून बसवता येतो. पण गाडीतील पाणी ही उष्णता कायमची ठेवून घेत नाही. ते पंपाने पुढच्या बाजूच्या वेगळ्या रेडिएटरकडे जाते आणि अखेर उष्णता वाऱ्यालाच देते. म्हणजे कारपुरते बोलायचे तर दोन्ही प्रकारांचा शेवटचा सावकार एकच आहे. पाणी हा मधला दलाल. त्याच्या सोयी आहेत आणि त्याची दलालीही आहे.

(७)
आता इतिहासाकडे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये धुराच्या शक्तीवर कंप्रेसर फिरवण्याच्या कल्पनेचे पेटंट घेतले. ही कल्पना व्यवहारात रुजली ती १९२० च्या दशकात, आणि तीही मोठ्या डिझेल इंजिनांत, विशेषतः जहाजांवर. जहाजाला उष्णता टाकण्यासाठी जागा शोधावी लागत नाही. ते त्या जागेवरच तरंगत असते. त्यामुळे पाण्याने हवा थंड करण्याची पद्धत ही नवी पायरी मानणे इतिहासाला धरून नाही. समुद्रावर ती घरचीच वाट होती.

(८)
दुसऱ्या महायुद्धातील विमानांनी हा प्रश्न आणखी टोकदार केला. १९४२ मध्ये स्पिटफायर मार्क-९ ला बसवलेल्या रोल्स-रॉइस मर्लिन-६१ इंजिनात दोन टप्प्यांचा सुपरचार्जर होता आणि त्याची हवा द्रवाने थंड केली जाई, कारण चिमुकल्या लढाऊ विमानात जागा नव्हती. अमेरिकेच्या पी-३८ विमानात आरंभी पंखांच्या पुढच्या कडेच्या पोकळीतूनच गरम हवा फिरवत. पंखाचा पत्रा हाच इंटरकूलर. कल्पना देखणी होती. पण इंजिनाची ताकद वाढत गेली आणि पंखाची कड तेवढीच राहिली. पी-३८-जे या आवृत्तीत इंजिनाखाली स्वतंत्र हवाई इंटरकूलर बसवावा लागला.

(९)
मोटारींच्या वाट्याला हा प्रश्न १९६२ मध्ये आला. त्या वर्षीच्या ओल्ड्समोबिल जेटफायर या टर्बो गाडीत इंटरकूलर नव्हताच. नॉकिंग रोखण्यासाठी पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण इंजिनात फवारले जाई. मिश्रणाची टाकी भरण्याची जबाबदारी मालकाची होती, आणि मालक ती विसरत. पुढे कंपनीला टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची सोय करावी लागली. धडा स्पष्ट होता : जे यंत्र रोजच्या वापरणाऱ्याच्या आठवणीवर विसंबते, ते कागदावर कितीही हुशार असले तरी रस्त्यावर टिकत नाही. १९७८ च्या पोर्श ९११ टर्बोने मागच्या पंखाखाली हवेचा इंटरकूलर बसवला. त्याला भरावे लागत नव्हते, आठवावे लागत नव्हते.

(१०)
शिडीची कल्पना खरी असती तर सर्व कंपन्या हवेकडून पाण्याकडे गेल्या असत्या. तसे घडलेले नाही. सुबारूच्या १९८९ च्या लेगसी आरएसमध्ये पाण्याचा इंटरकूलर होता. १९९२ च्या इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्समध्ये त्याच कंपनीने हवेचा निवडला. उलट फोक्सवॅगनचे पहिले १.४ टीएसआय इंजिन हवेच्या इंटरकूलरचे होते, आणि पुढच्या आवृत्तीत पाण्याचा इंटरकूलर थेट इनटेक मॅनिफोल्डमध्ये गेला. चाकणला बनणाऱ्या गाड्यांतील १.० टीएसआय इंजिनही याच दुसऱ्या वळणाचे. दोन कंपन्या परस्परविरुद्ध दिशांनी चालल्या आणि दोघींकडेही सबळ कारणे होती.

(११)
फोक्सवॅगनचे कारण पाहावे. टर्बोपासून पुढच्या बंपरपर्यंत आणि तेथून परत इंजिनापर्यंत जाणारी लांब नळी दाबाने भरेपर्यंत वेळ जातो. पाण्याच्या इंटरकूलरने ही नळी अगदी आखूड होते आणि पाय दाबताच गाडी उचल घेते. शहरातल्या छोट्या छोट्या धावांसाठी हे मोलाचे आहे. पट्ट्याने फिरणाऱ्या सुपरचार्जरच्या बाबतीत तर हे कारण दुप्पट बळकट होते. तो इंजिनाच्या डोक्यावरच बसतो. म्हणून ऑडीच्या ३.० टीएफएसआयसारख्या इंजिनांत पाण्याचे कूलर सुपरचार्जरच्या घरातच सामावलेले असतात. तेथे हवेच्या इंटरकूलरसाठी लांब वळसा घालणे म्हणजे सुपरचार्जरचा मुख्य गुण घालवणे.

(१२)
पुन्हा कोकणात येऊ. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्णत्वाने सुरू झाली आणि पुढची दोन दशके ती मुख्यतः डिझेलवर चालली. भारतीय डिझेल इंजिनांचा मूळ पुरुष म्हणजे १९६० च्या दशकात आलेले, अ‍ॅल्को बनावटीचे, २,६०० अश्वशक्तीचे डब्ल्यूडीएम-२. त्यात टर्बोनंतरची हवा ‘आफ्टरकूलर’मध्ये पाण्याने थंड होई. हे पाणी मात्र इंजिनालाच थंड करणारे, म्हणजे स्वतः चांगले तापलेले. ज्या पाण्यात हात घालवत नाही, त्याच पाण्याने हवा निववायची, असा तो व्यवहार होता.

(१३)
तो व्यवहार अगदीच खुळा नव्हता. १३० अंशांच्या हवेला ८० अंशांचे पाणीही थंडच. शिवाय एकच पाणी, एकच रेडिएटर, एकच देखभाल. पण मर्यादा उघड होती : हवा पाण्यापेक्षा थंड होऊ शकत नाही. पुढे भारतीय रेल्वेने याच सोळा सिलिंडरच्या इंजिनाची ताकद ३,१०० अश्वशक्तीपर्यंत वाढवली आणि इंधनही वाचवले. त्या सुधारणांत नवा, अधिक कार्यक्षम टर्बो होता, इंधनाचे मोठे पंप होते आणि मोठा आफ्टरकूलरही होता. प्रकार बदलला नाही. त्याच प्रकाराची व्यवस्था सुधारली. ‘कोणता प्रकार’ या प्रश्नापेक्षा ‘किती नीट बसवला’ हा प्रश्न मोठा असतो, याचे हे उत्तम उदाहरण.

(१४)
नंतर आलेल्या डब्ल्यूडीजी-४ आणि डब्ल्यूडीपी-४ इंजिनांतील यंत्र तर टर्बो आणि सुपरचार्जर यांच्यातील भिंतच पुसून टाकते. कमी वेगात ते इंजिनाच्या गिअरांनी फिरते, म्हणजे सुपरचार्जर. धुराचा जोर वाढला की क्लच सुटतो आणि ते धुरावर फिरते, म्हणजे टर्बो. हवा थंड करण्याचे काम येथेही पाण्याकडेच. आणि पाण्याची दलाली येथेही चुकत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. लांब बोगद्यात डिझेल इंजिनाच्या रेडिएटरला स्वतःच्याच धुराने तापलेली हवा मिळते. अमेरिकेतील सदर्न पॅसिफिक रेल्वेने याच अडचणीपायी १९७० च्या दशकात रेडिएटरची हवा छताऐवजी खालून, पायवाटेच्या उंचीवरून घेणारी खास इंजिने बनवून घेतली होती.

(१५)
ट्रकांचा प्रवास उलट दिशेचा आहे. पुण्यात १९६२ पासून उभ्या असलेल्या किर्लोस्कर-कमिन्सच्या एनटीए-८५५ या इंजिनाच्या नावातील ‘टी’ म्हणजे टर्बो आणि ‘ए’ म्हणजे आफ्टरकूलर. तो इंजिनाच्याच पाण्यावर चाले. पण तापलेल्या पाण्याची जी मर्यादा रेल्वेला जाणवली, तीच रस्त्यावरच्या इंजिनांनाही जाणवली. ट्रकांनी मग पाण्याला मधून काढले आणि रेडिएटरच्या पुढे हवेचा मोठा इंटरकूलर उभा केला. टाटांच्या ६९७ इंजिनाच्या नावामागची ‘टीसीआयसी’ ही अक्षरे त्याच स्थित्यंतराची खूण. येथे हवा ही ‘जुनी’ पायरी नव्हती. ती पाण्यानंतर आली.

(१६)
हा सारा इतिहास एका दृश्यात सामावलेला कोकणाने पाहिला आहे. २६ जानेवारी १९९९ रोजी कोलाड ते वेर्णे ‘रो-रो’ सेवा सुरू झाली : भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढवून रेल्वेने न्यायचे. पुढे पाण्याने हवा थंड करणारे इंजिन ओढत आहे आणि मागे हवेने थंड होणाऱ्या इंटरकूलरचे ट्रक स्वस्थ उभे आहेत. या दोहोंत ‘पुढारलेले’ कोण, हा प्रश्न त्या गाडीकडे पाहून विचारला तर हास्यास्पद ठरतो. दोघांचे भार वेगळे, जागा वेगळ्या, दुरुस्तीच्या शाळा वेगळ्या.

(१७)
आता घाट. एप्रिल-मेमध्ये हापूसच्या पेट्या भरून आंबा घाट चढणारा ट्रक ताशी वीस-पंचवीस किलोमीटरने, पूर्ण जोर लावून, बराच वेळ चालतो. हे ‘चौथे पातेले’ आहे. तरीही ट्रकचा हवाई इंटरकूलर निभावतो, कारण त्याच्यामागे इंजिनाचा भलामोठा पंखा आहे. वारा गाडीच्या वेगावर विसंबून नाही. उलट बॉनेटवर हवेची खाच असलेल्या गाड्या पाहाव्यात : पहिल्या पिढीची तीन लिटरची फॉर्च्युनर, नाशिकच्या स्कॉर्पिओच्या मधल्या पिढ्या. तेथे इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर. नळी आखूड, चिखल-दगडांपासून बचाव. पण गाडी मंदावली की खालून इंजिनाची धग आणि वरून वारा नाही. पुढच्या पिढीच्या फॉर्च्युनरवरून ती खाच गेली आणि इंटरकूलर पुढे सरकला.

(१८)
पुढे बसवलेल्या इंटरकूलरचीही किंमत आहे. तो रेडिएटरचा वारा अडवतो, नळ्या लांबतात, आणि पावसाळ्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या प्रदेशात तो चिखल आणि साचलेल्या पाण्याच्या सर्वांत जवळ असतो. खालच्या नळीचा क्लॅम्प सैल असेल तर पाणी भरलेल्या रस्त्यावर इंजिन पाणी ओढू शकते, आणि मग खर्च इंटरकूलरचा राहत नाही, इंजिनाचा होतो. महानगरातील व्हिडिओ पाहून कोकणातल्या गाडीला दुप्पट आकाराचा इंटरकूलर बसवण्याचा सल्ला देणाऱ्यांनी हा हिशेब मांडलेला नसतो.

(१९)
मिरकरवाड्याची नौका या सर्वांत भाग्यवान वाटावी. ट्रॉलिंग करताना तिचा वेग इतका कमी आणि इंजिन इतके बंदिस्त की वाऱ्याचा उपयोग नाही; पण तळाशी सुमारे २८ अंशांचा अरबी समुद्र आहे, जो कितीही उष्णता दिली तरी कोमट होत नाही. ही न तापणारी परात. मात्र समुद्र आपली दलाली मिठाच्या रूपाने घेतो. म्हणून तांबे-निकेलच्या नळ्या, स्वतः झिजून धातू वाचवणारे जस्ताचे तुकडे, नळ्यांत धरणारी शेवाळे आणि शिंपले खरवडण्याचे काम. ते चुकले की हवा तापते, डिझेल अधिक जळते. राज्य सरकार मच्छीमारांना डिझेलवरील कराचा परतावा देते. जेथे प्रत्येक लिटरचा असा हिशेब आहे, तेथे तुंबलेला कूलर हा थेट घरखर्चाचा प्रश्न आहे.

(२०)
‘जितका थंड तितका उत्तम’ हे तत्त्वही कोकणच्या हवेत टिकत नाही. पावसाळ्यातील ३० अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा दुप्पट दाबाला नेली, तर तिच्यातील बाष्प सुमारे ४० अंशांखाली पाणी होऊन गळू लागते. म्हणजे २८ अंशांच्या समुद्राने हवा मनसोक्त थंड केली, तर इंजिनाच्या तोंडाशी थेंब जमतात. मोठ्या सागरी इंजिनांत हे पाणी काढून टाकण्याची वेगळी सोय करावी लागते ती यासाठीच. कोरड्या प्रदेशात लिहिलेला नियम दमट किनाऱ्यावर जसाच्या तसा लागू होत नाही. थंडाव्यालाही एक योग्य मर्यादा असते, आणि ती मर्यादा हवामान ठरवते.

(२१)
यावर एक आक्षेप रास्त आहे : स्थळ-काळाचे कारण पुढे करून सर्वच प्रकार सारखे ठरवायचे का? तसे नाही. तुलना करावीच, पण तीन प्रश्न विचारून. जोर क्षणभराचा की तासभराचा? उष्णतेचा अखेरचा सावकार कोण : वारा, पंखा की समुद्र? आणि बिघाड झाला तर पंप, गळती, चिखल किंवा गंज यांपैकी जे निस्तरायचे ते निस्तरणारा हात जवळ आहे का? शहरात थांबत-धावत चालणाऱ्या लहान पेट्रोल गाडीला पाण्याचा इंटरकूलर निःसंशय शोभतो. लांब घाट रोज चढणाऱ्या, आडगावी दुरुस्त होणाऱ्या डिझेल गाडीला पंख्यापुढचा हवाई इंटरकूलर अधिक भरवशाचा. तोच चढ मंद गतीने पार करायचा असेल, तर इंजिनावर बसलेला प्रकार या तिघांत दुबळा.

(२२)
२०२२ मध्ये कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण झाले आणि आफ्टरकूलरचा तेथला काळ आवरत आला. पण प्रश्न संपला नाही. त्याने गाडी बदलली. निसान लीफची बॅटरी हवेवर विसंबली, पुण्याजवळ रांजणगावला बनणाऱ्या नेक्सॉन ईव्हीची द्रवावर. पुन्हा तीच शिडी उभी केली जात आहे आणि पुन्हा तोच हिशेब टाळला जात आहे. लोकोशेडमधील तंत्रज्ञ, घाटातले गॅरेजवाले आणि बंदरावरचे मिस्त्री यांनी तो हिशेब साठ वर्षे हाताने मांडला आहे. बॅटरीच्या गाड्या घाट चढू लागतील तेव्हा चौथे पातेले त्यांनाही चुकणार नाही. तोवर या मंडळींचे ज्ञान कोणीतरी लिहून ठेवलेले बरे.

(समाप्त)